रोज एकच उत्तर

तुपाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत बोटभर तांब्याची तार उभी केली, तर समुद्रावरून दोन-तीन किलोमीटर दूर असलेलं यंत्र त्या डब्याला ऐकू येतं. डब्याचं तोंड मात्र बरोबर त्या दिशेला हवं.

*

ग्रामदेवीला कौल लावताना एका वेळी एकच प्रश्न विचारतात.

*

दूरध्वनी केंद्र, तक्रारींची वही. रविवार, ३ फेब्रुवारी २००२. मांडवी विभाग : तक्रार नाही.

*

घरी का येत नाहीस?
पाय हलत नाही.

*

पाच किलो पीठ मावेल असा हिरवा प्लास्टिकचा डबा. झाकणाला आतून रबर. पाणी आत जात नाही.

*

देवदत्त करमरकर, वय सव्वीस, रविवारी सकाळी साडेनऊला घरातून निघाला. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. सोमवारपासून तो रोज एका प्रश्नाचं उत्तर देतो.

१

शनिवारी दुपारी शाळेत शिकवून झाल्यावर देवदत्तची मोठी बहीण सावनी करमरकर थेट नीरजाबाईंकडे आली. हातात शंभर पानी वही होती. ओटीवर बसली, पण पाणी घेतलं नाही.

नीरजाबाईंनी तीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार विभागात काढली होती. निवृत्त झाल्यावरही मांडवीतली माणसं आपल्या तक्रारी त्यांच्याकडेच आणत. कोणाची कुंपणाची, कोणाची सुनेची.

"काकू, देवू जिवंत आहे. तुम्ही एवढंच सिद्ध करून द्या," सावनी म्हणाली. "पोलीस उद्यापासून शोध थांबवणार आहेत. म्हणतात, पुण्याबिण्याला पळाला असेल. आईबाबा गेल्यापासून मीच वाढवलंय त्याला. न सांगता तो पलीकडच्या आळीतसुद्धा जात नाही."

"पहिल्यापासून सांग. आणि मला कळेल असं सांग."

"देवू आणि शौनक दोन वर्षं एक लायब्ररी लिहितायत."

"कसली पुस्तकं?"

"पुस्तकांची नाही हो काकू. प्रोग्रामची. दुसऱ्या प्रोग्रामवाल्यांनी उचलून वापरायची तयार हत्यारं. नाव ठेवलंय खेप." बोलता बोलता ती क्षणभर वर्गातली मास्तरीण झाली. "वेबवर काही विचारलं की उत्तर येईपर्यंत ताटकळत बसावं लागतं. खेप वापरली की बसायचं नाही. विचारायचं, आपल्या कामाला लागायचं. उत्तर आलं की ते आपल्याला हाक मारतं."

"हे बरं आहे. आमच्या वेळी लोक ट्रंक कॉल लावून फोनशेजारी जेवायचे."

सावनी हसली नाही. "रविवारी खेपेची चाचणी होती. तो लॅपटॉप घेऊन किल्ल्यावर बसणार, तुपाच्या डब्याने त्यांच्या मांडवीतल्या ऑफिसातल्या यंत्राशी बोलणार. मी घरून, फोनच्या लायनीवरून, त्याच यंत्राशी. मी लिहिलेलं त्याला दिसणार, त्याने लिहिलेलं मला. शौनक त्या दिवशी लोट्याला होता, एका कारखान्याच्या बसगाड्यांच्या वेळा बसवून द्यायच्या होत्या. ऑफिसला कुलूप, आत यंत्र चालू. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी विचारलं, पोचलास का. तो म्हणाला, पोचलो."

"मग?"

"मग लाइन गेली." सावनीने वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "संध्याकाळी तो आला नाही. आम्ही बॅटऱ्या घेऊन किल्ला पालथा घातला. सोमवारी शाळेतून आले, आंघोळ केली आणि सहज यंत्र लावलं. तर हे."

तिने वही पुढे केली. अक्षर रेखीव होतं.

सोमवार. *देवू, कुठे आहेस?* — *इथून ऑफिस दिसतं.*

मंगळवार. *मी काय करू?* — *काहीतरी विचार ना.*

बुधवार. *तुझ्याबरोबर कोण आहे?* — *मी एकटाच आहे इथे.*

गुरुवार. *घरी का येत नाहीस?* — *पाय हलत नाही.*

शुक्रवार. *पोलिसांना सांगू का?* — *कोणाला सांगू नको. हसतील.*

ओटीवर भर दुपारचं ऊन होतं. तरी नीरजाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"दिवसाला एकच का विचारतेस?"

सावनीने वही मिटून मांडीवर घेतली. "आई कौल लावायला जायची तेव्हा सांगायची, एकावर एक विचारलं की देवी उठून जाते. मला भीती वाटते काकू. जास्त विचारलं तर तो जाईल."

२

ऑफिस म्हणजे मांडवीच्या वाळूवर उघडणारी एक खोली. एक दार, एक खिडकी. खिडकीच्या गजाला तुपाचा डबा बांधलेला, तोंड समुद्राकडे. खिडकीतून फक्त पाणी दिसत होतं, आणि त्यात दूर कासवखडकाची काळी पाठ.

शौनक फाटक यंत्रासमोर बसला होता, पण पडदा काळा होता.

"काकू, ती उत्तरं मी टाइप करत नाही," त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"मी कुठे म्हटलं तू करतोस? पण करायची झाली तर कोण करू शकेल?"

"या यंत्राला हात लावू शकेल तो. म्हणजे मी. आणि देवू."

"भांडण होतं का तुमचं?"

"रोजचं. तो म्हणायचा खेप सगळ्यांना फुकट वाटू. मी म्हणायचो पुण्याची कंपनी मागतेय तर देऊ. पण भांडून झालं की एकाच ताटलीत भजी खायचो." त्याने डोळे चोळले. आठवडाभर झोपला नसावा. "रविवारी मी लोट्यात होतो. सकाळच्या पाळीच्या बसने गेलो, दुसऱ्या पाळीच्या बसने आलो. चाळीस माणसं सांगतील."

"तुझ्या खेपेत काही खोट आहे का रे?"

"लायब्ररीत खोट नसते असं कधी होत नाही."

"ती कोणती?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "बऱ्याच."

नीरजाबाई उठल्या. उठताना त्यांना टेबलाखाली हिरवा डबा दिसला. झाकणाला रबर. डब्याच्या पोटावर, तळापासून चार बोटांवर, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ होती. त्यांनी वाकून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

"हा कसला डबा?"

"पीठ आणलं होतं," शौनक म्हणाला.

दारातून बाहेर पडताना त्या वळल्या. "शौनक, तुझा मित्र सहा दिवस बेपत्ता आहे. त्याची बहीण सांगते की तो रोज उत्तर देतो. आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस, की तो काय म्हणतो."

शौनकने पायाने डबा टेबलाखाली आणखी आत सरकवला.

४

जानू तांडेल होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. साठीचा माणूस. देवदत्तने आपलं यंत्र पहिल्यांदा त्याच्याच होडीवर बसवून बघितलं होतं, आणि जानूने ते होडीला नजर लागेल म्हणून दुसऱ्या दिवशी उतरवायला लावलं होतं.

"ये गो बाय. बस. वाळू गरम हाय, पंचा घे खाली."

"जानूभाऊ, रविवारी देवदत्त दिसला होता?"

"नाय."

"समुद्रावर गेला असेल तर कुठे जाईल?"

"मना काय ठावं? त्याला पोहायला येत नाय. पाण्याला घाबरायचा. मी चिडवायचो त्याला, वाटीतल्या पाण्यात पण चप्पल घालून उतरशील." जानू हसला आणि मध्येच थांबला. "पोलीस पण इचारून गेले. मी त्यांना बोललो, खडकाकडं आमी कोण फिरकत नाय या दिवसांत."

"पोलिसांनी खडकाचं विचारलं?"

जानूच्या हातातली सुई थांबली.

"पोलीस तर किल्ला शोधत होते," नीरजाबाई म्हणाल्या. "खडकाचं नाव आख्ख्या मांडवीत अजून कोणी काढलं नाही. तुम्हीच पहिले."

लाट येऊन होडीच्या बुडाला लागली आणि परत गेली. जानू जाळ्याकडे बघून म्हणाला, "बाय, काय काय गोष्टी पाण्याखालीच बऱ्या असतात गो. त्या पोरीला अजून रोज एक दिवस मिळतोय. तू का तोडतेस?"

५

चार वाजता नीरजाबाई सावनीच्या घरी पोचल्या. वाटेत त्यांनी दूरध्वनी केंद्रात जुन्या सहकाऱ्याला एक फोन केला होता.

यंत्र लागलं. मोडेमने नेहमीची कुईकुई केली, मग शांत झालं. सावनी आंघोळ करून आली होती, केस ओले होते. तिने आजचा प्रश्न वहीत आधीच लिहून ठेवला होता : *तुला भूक लागली का?*

"आजचा प्रश्न मी विचारते," नीरजाबाई म्हणाल्या.

"काकू, एकच असतो."

"म्हणूनच. पलीकडे माणूस असेल तर माझ्या प्रश्नाला तो 'म्हणजे काय' म्हणेल. नाहीतर तुला हसेल. तीस वर्षं मी लायनीच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही एवढंच ओळखत आले."

त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, एक शब्द टाइप केला.

*भोपळा*

आणि बटण दाबलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं.

*पाणी गुडघ्याला.*

सावनीने नीरजाबाईंचं मनगट धरलं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काकू, हा देवू नाही."

"देवूच आहे," नीरजाबाई म्हणाल्या. "पण आजचा नाही."

६

"देवदत्त टाइप कसा करायचा?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटांनी. शौनक त्याला कोंबडी म्हणतो, दाणे टिपतोस म्हणून."

"आणि तुला उत्तर किती वेळात यायचं, या आठवड्यात?"

"लगेच."

"दोन बोटांचा माणूस, तू बटणावरून बोट उचलायच्या आत, तीन-चार शब्द कसे लिहील? ते आधीच लिहून ठेवलेले होते. दुसरं. तू विचारल्याशिवाय कधी काही आलं का? एकदा तरी? आपणहून?"

"नाही."

"भावाला बहिणीशी बोलायचं असेल तर तो तिची वाट बघेल का?" नीरजाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तूच मघाशी सांगितलंस ना, उत्तर आलं की हाक मारतं. पण ती हाक मारतं कोण? तुझ्याच घरातलं यंत्र. ऑफिसातलं यंत्र स्वतःहून तुझ्याकडे येऊ शकतं का?"

सावनी हळूहळू म्हणाली, "नाही. वेबची बोलायची पद्धतच तशी आहे. एचटीटीपी. ब्राउझरने विचारल्याशिवाय सर्व्हरला तोंड उघडता येत नाही. देवूला त्याचाच राग होता. म्हणायचा, हा असला पोस्टमन आहे की दारात कधी येत नाही. तुम्ही नवं पत्र टाकायला गेलात तरच हातात जुनं उत्तर ठेवतो. एका पत्राला एक."

"म्हणजे तू एक ओळ पाठवलीस आणि पलीकडून पाच आल्या, तर?"

"एक मिळेल. चार राहतील. मी पुढचं पाठवेपर्यंत."

ती थांबली. वहीकडे बघितलं.

"तुझे प्रश्न झाक," नीरजाबाई म्हणाल्या. "फक्त उत्तरं वाच. एकापुढे एक. दिवस विसरून जा."

सावनीने डाव्या तळहाताने प्रश्न झाकले.

*पोचलो. इथून ऑफिस दिसतं. काहीतरी विचार ना. मी एकटाच आहे इथे. पाय हलत नाही. कोणाला सांगू नको. हसतील. पाणी गुडघ्याला.*

"ऑफिसला एकच खिडकी आहे," नीरजाबाई म्हणाल्या. "ती समुद्राकडे उघडते. डब्याचं तोंडही समुद्राकडे. किल्ल्यावर त्याच्या डब्याला काही ऐकू आलं नसणार, म्हणून तो खाली उतरला. जिथून ती खिडकी दिसते आणि ओहोटीला चालत जाता येतं अशी जागा एकच आहे. रविवारी ओहोटी दहाला होती. अकराला तो कासवखडकावर पोचला. कपारीत पाय अडकला. आधी लाज वाटली, मग पाणी चढायला लागलं. हे सगळं एका दुपारचं आहे, सावनी. तू ते आठवडाभर घोट घोट घेतलंस."

पडद्यावर रिकामी चौकट होती. आत आणखी काही असेल की नाही ते कळायला एकच मार्ग होता.

सावनीने स्वतःच हात पुढे केला. काही न लिहिता बटण दाबलं.

*जानूला सांग. आत्ता.*

पुन्हा.

*डबा वर ठेवलाय.*

तिचा हात तसाच राहिला. नीरजाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि शेवटचं बटण दोघींनी दाबलं.

*ताई, तू आहेस ना?*

त्यानंतर बटण दाबलं तरी चौकट रिकामीच राहिली.

७

साडेपाचला नीरजाबाईंच्या निरोपावरून शौनक आला. मागून जानू, खांद्यावर पंचा. शौनकच्या हातात हिरवा डबा होता. डबा आण असं निरोपात नव्हतं, तरी त्याने आणला होता.

"बुधवारी सावनीताईने सांगितलं की उत्तरं येतात," तो उभ्यानेच म्हणाला. "मी यंत्र उघडून बघितलं. सगळ्या ओळी एकाखाली एक होत्या. वेळेसकट. मी जानूभाऊंकडे पळालो. गुरुवारी दुपारच्या ओहोटीला आम्ही खडकावर गेलो. वरच्या कपारीत डबा होता. आत लॅपटॉप. कोरडा."

"आनि तो?" जानूने सावनीच्या मनातला प्रश्न विचारला आणि आपणच उत्तर दिलं. "नाय मिळाला गो. कपारीत एक चप्पल व्हती. मी दोन दिवस बुड्या मारतंय. त्या तोंडाला वढ लय हाय."

"तुम्हाला माहीत होतं," सावनी म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता, एखाद्या मुलाला उभं करताना असतो तसा. "मी रोज आंघोळ करून त्याच्यासमोर बसत होते. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला बसू दिलंत."

शौनकने नीरजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, पण त्याला थांबवलंही नाही. तो पुन्हा हातातल्या डब्याकडे बघू लागला.

"मी पहिल्यांदा याच्यावर संशय घेतला," नीरजाबाई म्हणाल्या. "डबा लपवला, खोट लपवली, खोटं बोलला. पण लपवण्यासारखं याच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं. हा लोट्याला, जानूभाऊ घरी. मग हे दोघं कोणाला वाचवत होते? सावनी, मी दुपारी केंद्रात फोन केला. रविवारी मांडवीत एकही लाइन बिघडलेली नव्हती. तुझीही नाही."

शौनकने डबा खाली ठेवला.

"यंत्रात नोंद आहे ना, शौनक?"

"अकरा वाजून नऊ मिनिटांनी जोडणी बंद," तो जवळजवळ पुटपुटला. "घरच्या टोकाकडून. ताई, मला वाटलं, ओळी संपल्या की तुम्हीच हळूहळू थांबाल. एकेक दिवस पुढे ढकलत गेलो."

"लाइन गेली नव्हती," सावनी म्हणाली. "मी मोडेमची तार काढली आणि फोनला लावली. वेळणेश्वरहून फोन येणार होता. मागच्या महिन्यात मला बघून गेले ना, त्या मुलाच्या काकांचा. अकरानंतर करतो म्हणाले होते. एकच लाइन आहे घरात." तिने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "एक वाजला. म्हटलं जेवून करतील. तीन वाजले. म्हटलं झोपून उठल्यावर करतील. देवूचं काय, तो बसला असेल खेळत. संध्याकाळी चिडेल आणि मी त्याला शिरा करून देईन."

"तुला ठाऊक नव्हतं, पोरी."

"त्याने सांगितलं होतं काकू. दर पाच मिनिटांनी एक ओळ टाक. काहीही."

जानूने डोक्याला पंचा गुंडाळला आणि पुन्हा सोडला. "बाय गो," तो म्हणाला, "माझी होडी त्या दिवशी वाळूवरच व्हती." तो ओटीवर जाऊन पायरीवर बसला.

सावनी यंत्रासमोर बसली. शेवटची ओळ अजून पडद्यावर होती. तिने खाली, चौकटीत, सावकाश लिहिलं :

*आहे.*

बटण दाबलं. शब्द गेला. चौकट रिकामी झाली आणि त्यात ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. कोणी मोडेम बंद केला नाही. नीरजाबाई देव्हाऱ्यातलं निरांजन शोधायला आत गेल्या.

३

रविवारी, ३ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांपासून संध्याकाळी सातपर्यंत करमरकरांच्या घरातला फोन एकदाही वाजला नाही.